आहार, व्यायाम, आजार आणि रोजच्या बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं व्यायामाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. लोकांच्या तोंडाला मास्क बांधायचा, त्यांना ट्रेडमिलवर चढवायचं आणि "अजून एक मिनिट, अजून एकच मिनिट" म्हणत त्यांचा जीव काढायचा, हे माझं काम. ती नोकरी सुटली, पण शोधनिबंध वाचायची खोड काही सुटली नाही. ओळखीतले लोक बातमीची लिंक पाठवतात आणि खाली एवढंच लिहितात: "हे खरं का गं?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं एका जागी लिहून काढली. मी डॉक्टर नाही. औषधं चालू असतील तर त्यांचा डोस कमी-जास्त करायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, हे धरूनच पुढचं वाचा.

एक बातमी म्हणते अमुक खा, दुसरी म्हणते तेच खाऊ नका. विश्वास कुणावर ठेवायचा?

पहिल्यांदा बघायचं ते हे: संशोधकांनी लोकांकडे नुसतं पाहिलं, की त्यांना काहीतरी करायला लावून पाहिलं? दोन्हींत फार फरक आहे.

बीटा-कॅरोटीनचं उदाहरण मी नेहमी देते. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त असतं आणि अशा लोकांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. मग ते थेट गोळीतूनच का देऊ नये? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. कुणाला खरी गोळी मिळणार आणि कुणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. रक्तातला आकडा अगदी हवा तसा वाढला होता. पण कुणाला तो आकडा नको होता, कॅन्सर टळायला हवा होता.

म्हणून बातमी हातात आली की मी आधी शोधते, मोजलं काय आणि आपल्याला हवं होतं काय. निम्म्या बातम्या इथेच गळतात.

म्हणजे नुसतं पाहून केलेले अभ्यास टाकाऊच?

तसं मुळीच नाही. सिगारेटने कॅन्सर होतो हे काही लोकांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट ओढायला लावून कळलेलं नाही.

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंधसुद्धा असाच हाती लागला. जेरेमी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ साली निष्कर्ष मांडले. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. कामाची जागा एकच, बसही तीच, पण हृदयविकाराचा झटका कंडक्टरांना कमी यायचा, आणि आला तरी जीव जाण्याचं प्रमाण कमी.

यातला मला आवडणारा भाग पुढचा आहे. मॉरिसला स्वतःलाच शंका आली की मुळात लठ्ठ माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग त्याने गणवेशाच्या नोंदी काढल्या. पँटच्या कमरेची मापं! ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, आणि बऱ्याच जणांच्या तर नोकरीला लागले तेव्हापासूनच. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच भोक पाडून बघणारा माणूस भेटला की मी त्याचं पुढचं लिखाणही वाचते.

"धोका २० टक्क्यांनी कमी" म्हणजे नक्की किती?

कशाच्या २० टक्के, हे विचारा. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची एक मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेली, वजन जास्त असलेली, पण मधुमेह नसलेली १७,६०४ माणसं त्यात होती. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू यांचा धोका २० टक्क्यांनी उतरला, अशा बातम्या झळकल्या. खोट्या नव्हत्या. पण आकडे असे: सव्वातीन वर्षांच्या आसपास पोकळ इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के लोकांना यातलं काहीतरी झालं, खरं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी साडेसहा टक्क्यांना. फरक दीड टक्क्याचा. म्हणजे साधारण ६७ जणांनी तेवढा काळ इंजेक्शन घेतलं तर त्यातल्या एकाचा मोठा प्रसंग टळतो. ज्यांचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्यांच्यासाठी हे कमी नाही. पण "२० टक्के" वाचून डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे.

टाइप २ मधुमेह परतवता येतो म्हणतात. खरंच?

काहींना येतो, आणि यामागे भक्कम चाचण्या आहेत.

आधी टाळण्याबद्दल. अमेरिकेत साखर काठावर असलेल्या ३,२३४ जणांचे गट पाडले. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, एकाला पोकळ गोळी आणि एकाला आहार-व्यायामाचं रीतसर मार्गदर्शन: वजन ७ टक्क्यांनी उतरवा आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. २००२ साली निकाल आला. सरासरी पावणेतीन-तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटलं, आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत तर फायदा आणखी मोठा होता.

आता परतवण्याबद्दल. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि मायकेल लीन यांच्या गटाने ज्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला आहे आणि जे इन्सुलिनवर नाहीत अशांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या द्रव आहारावर ठेवलं. मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी तर ८६ टक्के. टेलर यांचं म्हणणं असं की यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी निघून गेली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात, फक्त त्या फार वर्षं दबलेल्या नसल्या पाहिजेत.

दोन गोष्टी मात्र बातमीत शेवटी बारीक अक्षरांत असतात. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले होते, कारण वजन परत येतं तशी साखरही परत येते. आणि या लोकांच्या मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्या दिवशीच देखरेखीखाली थांबवल्या होत्या. गोळ्या चालू ठेवून घरच्या घरी ८५० कॅलरींवर उतरलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हे करायचं तर डॉक्टरांना सांगूनच.

दोन महिने चालतोय, काटा तसूभर हलला नाही. मग उपयोग काय?

वजनकाटा हे व्यायाम मोजायचं फार वाईट साधन आहे. स्नायूत काय घडतं ते बघा. रक्तातली साखर पेशीत शिरायला दार लागतं. जेवणानंतर इन्सुलिन येऊन ते दार उघडतं. टाइप २ मधुमेहात कुलूप गंजलेलं असतं, इन्सुलिन खटखट करत राहतं. पण स्नायू आकुंचन पावला की आतली वाहक प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पृष्ठभागावर येतात. मागचं दार म्हणा. मधुमेह असलेल्यांचंही हे मागचं दार बऱ्यापैकी शाबूत असतं. शिवाय व्यायाम संपल्यावर एक-दोन दिवस पुढच्या दाराचं कुलूपसुद्धा जरा सैल राहतं. म्हणूनच सल्ला देणारे म्हणतात, सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नका.

काट्याला यातलं काहीही दिसत नाही.

अंथरुणावर पडून राहिल्याने इतकं काय बिघडतं?

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठल्यावर त्यांची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा प्रयोगशाळेत आले. पोटं सुटली होती, पन्नाशी आली होती. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. आणि पन्नाशीत सहा महिने सराव करून त्यांनी वयाने नेलेलं भरूनही काढलं. पाचच माणसं, मान्य. पण तीच पाच.

दहा हजार पावलं कुठून आली?

१९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या १६,७४१ बायकांवरच्या २०१९ च्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढायचा थांबला. हाही नुसतं पाहून केलेला अभ्यास. दुखणाईत माणूस मुळात कमी चालतो. तरी साडेचार हजार पावलं टाकून हिरमुसून बसायचं कारण नाही.

पाकीटबंद, कारखान्यात बनलेलं खाणं खरंच जास्त खाल्लं जातं, की आपल्यालाच ताबा नाही?

केव्हिन हॉल या संशोधकाने २०१९ साली हे फार नीट तपासलं. वीस माणसं, महिनाभर रुग्णालयाच्या वॉर्डातच मुक्काम. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. क्रम चिठ्ठीने ठरलेला. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, तंतू, प्रथिनं सारखी राखलेली. "हवं तेवढं खा" एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर तीच माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सुमारे एक किलोने वाढली. दुसऱ्या जेवणावर तेवढीच उतरली. चवीला दोन्ही जेवणं जवळपास सारखीच आवडल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

का? ते खाणं मऊ असतं, भरभर गिळलं जातं, आणि पोटात जागा कमी घेऊन कॅलरी जास्त देतं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचेतो ताट रिकामं. या प्रयोगाला नावं ठेवणारे म्हणतात वीसच माणसं, दोनच आठवडे. बरोबर आहे. पण प्रत्येक घास तोलून नोंदवलेला असे अभ्यास फार थोडे, बाकीचे "गेल्या महिन्यात हे किती वेळा खाल्लंत?" या फॉर्मवर चालतात. तो फॉर्म मी स्वतः एकदा भरलाय आणि अर्ध्याहून जास्त उत्तरं ठोकून दिली आहेत.

सोळा तास उपास, आठ तास खाणं: फायदा?

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत १३९ लठ्ठ लोकांनी सारख्याच कॅलरी कमी केल्या, निम्म्यांनी ठरावीक आठ तासांतच खाल्लं. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घड्याळामुळे तुमचं रात्रीचं चरणं बंद होत असेल तर जरूर करा. घड्याळात जादू नाही.

कर्बोदकं सोडली की शरीर चरबीवर पळायला शिकतं, मग दमसास वाढेलच ना?

शरीर चरबी जाळायला शिकतं हे खरं. "मग" च्या पुढचं तपासावं लागतं.

१९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकच सायकल, दोन बाजूंना दोघे, प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं, पाय पार गळेपर्यंत. मग दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचा तुकडा काढायचा. दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा जवळजवळ संपलेला. पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर दमलेल्या पायात आरामातल्या पायाच्या दुपटीच्या आसपास साठा. रक्त तर दोन्ही पायांत एकच फिरत होतं. दमलेला स्नायू स्वतःच साखर ओढून घेत होता. स्पर्धेआधी कर्बोदकं खायची पद्धत इथून निघाली.

कीटोच्या, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ सोडून चरबीवर राहायच्या आहाराच्या, बाजूची मंडळी म्हणतात, शरीराला सवय व्हायला वेळ द्या. तो वेळ लुईस बर्क या संशोधिकेने दिला. जगातल्या अव्वल चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना तीन आठवडे जोरदार सरावात ठेवलं. काहींना भरपूर कर्बोदकं, काहींना जवळजवळ नाहीतच, सगळी चरबी. २०१७ साली निकाल छापला. चरबीवाल्यांचं शरीर चरबी विक्रमी वेगाने जाळत होतं आणि सगळ्यांचीच क्षमता वाढली होती. पण १० किलोमीटरच्या शर्यतीत बाकीच्यांची वेळ सुधारली, चरबीवाल्यांची नाही. कारण साधं: त्याच वेगाला चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो, आणि शर्यतीच्या वेगाला तोच तर अपुरा पडतो. चरबी किती जळाली हे मोजलं तर कीटो जिंकतं. शर्यतीत मात्र घड्याळ लावतात.

सावकाश आणि फार लांब अंतर जाणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं. आणि साखर आटोक्यात आणायला कर्बोदकं कमी करणं हा विषय तर साफ निराळा. दोन्हींची गल्लत करू नका.

गोड पाण्याची नुसती चूळ भरून वेग वाढतो, ही थाप ना?

थाप नाही! २००४ साली सायकलपटूंच्या तासाभराच्या चाचणीत मधूनमधून कर्बोदकाच्या पाण्याने चूळ भरून थुंकायला सांगितलं. पाणीही गोड नव्हतं. त्यातलं कर्बोदक होतं माल्टोडेक्स्ट्रिन, ते जवळपास बेचव असतं. वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारला. त्याच गटाने ग्लुकोज थेट शिरेतून दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे तोंडातल्या कशाने तरी मेंदूला "माल येतोय" अशी वर्दी जाते आणि मेंदू लगाम सैल सोडतो. पोटभर खाऊन उतरलेल्यांत परिणाम फिका पडतो. तासाहून लांब शर्यतीत चूळ पुरत नाही. तिथे ताशी ३० ते ६० ग्रॅम गिळायलाच लागतात, आणि ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर आतड्यातली दोन वेगळी दारं वापरली जाऊन ९० ग्रॅमपर्यंत पचतात. त्यासाठी पोटालाही सराव लागतो, नाहीतर अर्ध्या वाटेत झाडामागे धावावं लागतं.

बीटचा रस प्यायला की दम वाढतो म्हणतात. तो कशामुळे?

नायट्रेटमुळे. जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते गिळलं जातं, आणि शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड बनतो; रक्तवाहिन्या सैलावतात, त्याच कामाला प्राणवायू थोडा कमी लागतो. प्यायल्यावर दोन-तीन तासांनी परिणाम शिखरावर असतो. हौशी लोकांना थोडा फायदा, मुरलेल्या खेळाडूंना फारसा नाही.

मजा अशी की जंतुनाशक माउथवॉशने आधी चुळा भरल्या तर जिवाणू मरतात आणि साखळी तोंडातच तुटते. आणि हो, दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरू नका.

खेळाच्या आधी कॉफी?

चालते. किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन, तासभर आधी. ६० किलोच्या माणसाला १८० ते ३६०. २००४ पासून बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत कॅफिन नाही. संध्याकाळच्या सरावाआधी घेतलंत तर रात्रीची झोप जाईल, आणि गेलेल्या झोपेचं नुकसान कॅफिनच्या फायद्यापेक्षा मोठं.

क्रिएटिनने किडनी जाते का?

माझ्या भाच्याचा रात्री अकराला फोन. "मावशी, रिपोर्ट आलाय. क्रिएटिनिन लाल अक्षरांत आहे. किडनी गेली का गं?" आवाज पार रडवेला. विचारलं, काय घेतोयस? दोन महिने रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, ताकदीसाठी घेतात ती पावडर. चाचणीच्या आदल्या दिवशी काय केलंस? पायांचा तुफान व्यायाम.

क्रिएटिन स्नायूत असतं आणि त्याचं रोज थोडं क्रिएटिनिन बनत राहतं. किडनी ते बाहेर टाकते. ते रक्तात साठलं तर किडनी मंदावली असं अनुमान काढतात. पण हे झालं अनुमान. नळ जास्त सोडला तर मोरी तुंबलेली नसतानाही पाणी वर चढतं. बाहेरून क्रिएटिन घेतलं, स्नायू पिळदार असले, आदल्या दिवशी घाम गाळला, तर आकडा वर जातोच. त्याला डॉक्टरांकडे पाठवलं आणि क्रिएटिनचा डबा घेऊन जा म्हटलं. त्यांनी सिस्टाटिन सी ही दुसरी चाचणी केली, जी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती व्यवस्थित आली.

निरोगी माणसांत रोज ३ ते ५ ग्रॅमने किडनी बिघडल्याचं नियंत्रित चाचण्यांत दिसलेलं नाही. पूरक पदार्थांच्या गर्दीत ताकदीसाठी खरोखर उपयोगी म्हणता येतील अशा दोन-तीन गोष्टींपैकी हे एक. ज्यांच्या किडनीचं आधीच काही दुखणं आहे त्यांनी मात्र परस्पर घेऊ नये. आणि रक्त तपासायला द्याल तेव्हा क्रिएटिन घेताय ते सांगा, एवढं तरी करा.

व्यायाम करतो म्हणून व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्याही घेतो. चांगलंच ना?

मिशाएल रिस्टोव यांच्या गटाने २००९ साली तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला, निम्म्यांना या दोन्ही गोळ्यांसकट. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, घेणाऱ्यांत नाही. व्यायामातून तयार होणारे ऑक्सिडंट हाच स्नायूला "बदल" म्हणून सांगणारा निरोप असतो. या गोळ्या ऑक्सिडंट शोषून घेतात, म्हणून तो पुसला जातो. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही, पण फायदा दिसल्याचंही क्वचितच. जेवणातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांना हे लागू नाही.

ताकदीच्या व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसणाऱ्यांचं थोडंफार असंच होतं: दुखणं कमी, पण स्नायूची वाढही कमी.

पळताना जितकं पाणी प्यावं तितकं चांगलं?

नाही, आणि यात जीव गेलेले आहेत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंनी शर्यत संपल्यावर रक्त दिलं. १३ टक्के लोकांचं सोडियम कमी भरलं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. सगळ्यात पक्की खूण कोणती? शर्यतीत वजन वाढणं. म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी पोटात. सावकाश पळणारे यात जास्त सापडतात, कारण प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबायला त्यांना सवड असते. तहान लागेल तसं प्या.

बीपी आहे. वजन उचलावं का?

बीपी आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर हो, श्वास न कोंडता. गंमत म्हणजे २०२३ साली २७० चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा बीपी उतरवण्यात स्थिर व्यायाम सगळ्यांच्या पुढे निघाला. भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं राहायचं. करून बघा, दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात.

मी आणि नवरा एकच व्यायाम करतो. त्याचा दम वाढला, माझा नाही. असं कसं?

हेरिटेज या अभ्यासात शेकडो लोकांना कुटुंबांसकट एकसारखा २० आठवड्यांचा सायकलचा सराव दिला, देखरेखीखाली. कुणाची प्राणवायू वापरायची क्षमता जवळजवळ हलली नाही, कुणाची मिनिटाला लिटरभर वाढली. या फरकातला जवळपास निम्मा वाटा घराण्याचा निघाला. पण ज्यांचा दम वाढला नाही त्यांचं बीपी किंवा साखर सुधारलेली असू शकते. हे सगळे गुण एकाच गाडीत बसून येत नाहीत. आधी डोस थोडा वाढवून बघा. आठवड्याला दोनदाचं चारदा केल्यावर "हलत नाही" म्हणणारे बरेच जण हलतात.

कॅन्सरचे उपचार झाल्यावर व्यायाम? माणसाने आराम करू नये का?

इथे अलीकडे मोठी गोष्ट घडली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तकं, निम्म्यांना तीच पुस्तकं आणि वर तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक. निकाल २०२५ साली आला. पाच वर्षांनी आजार न उलटलेले मार्गदर्शकवाल्यांत ८०.३ टक्के विरुद्ध नुसत्या पुस्तकवाल्यांत ७३.९ टक्के, आठ वर्षांनी हयात ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. नवं औषध हे करतं तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता. यात रक्तातली कुठली खूण मोजून थांबले नाहीत, माणसं जगली का हे मोजलं. त्यासाठी पंधराएक वर्षं लागली.

मात्र "पुस्तक दिलं, जा आता" एवढ्याने हे झालेलं नाही, हे नुसती पुस्तकं मिळालेल्या गटाने दाखवलंच आहे.

मग प्रत्येक आजारात व्यायाम हवाच?

नाही. दीर्घ थकव्याचा आजार, ज्यात थोड्याशा श्रमानंतर एक-दोन दिवसांनी माणूस पार कोसळतो, तिथे "रोज थोडं थोडं वाढवा" हा सल्ला उलटा बसतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली तो सल्ला काढूनच टाकला. कोविडनंतर लांबलेल्या दुखण्यात काहींना असंच होतं. अशा माणसाला "आळस करतोस" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे उत्तर दोनदा वाचावं. ताप असतानाही व्यायाम नको.

वजन उतरवायची इंजेक्शनं घेतली तर व्यायामाची कटकट संपली?

उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतो, आणि इंजेक्शन थांबवल्यावर परत येतं ते बहुतांश चरबीच्या रूपात. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांच्या पाठपुराव्यात वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आला होता. डेन्मार्कमधल्या २०२१ च्या चाचणीत आधी कमी कॅलरींवर वजन उतरवलं आणि मग वर्षभर कुणाला लिराग्लुटाइड हे त्याच जातीचं इंजेक्शन, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही दिलं. दोन्ही करणाऱ्यांचं वजन आणि चरबी सगळ्यांत चांगली आटोक्यात राहिली.

मॅरेथॉनपटूंच्या आतड्यातले जिवाणू घेतले तर आपणही पळू?

२०१९ साली बॉस्टनच्या धावपटूंच्या विष्ठेत सापडलेला एक जिवाणू दिला तेव्हा १३ टक्के जास्त वेळ पळाले ते उंदीर. सुतावरून स्वर्ग गाठायला घाई करू नका.

माझं घड्याळ व्हीओटू मॅक्स दाखवतं. तो आकडा खरा का?

प्रयोगशाळेत हा आकडा कसा काढतात ते आधी सांगते. नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क, कडेने हवा निसटत नाही ना हे बोटाने चाचपायचं. ट्रेडमिलचा चढ दर मिनिटाला वाढत जातो. माणूस आधी खुणेने बोलतो, मग खुणाही बंद होतात, मास्कच्या खालून लाळ गळायला लागते. पडद्यावर प्राणवायूची रेष चढत चढत एका जागी सपाट होते. चढ वाढतो, रेष वाढत नाही. ती उंची म्हणजे व्हीओटू मॅक्स.

घड्याळ यातलं काहीच मोजत नाही. तुमचा वेग आणि नाडी बघून ते अंदाज बांधतं: या वेगाला नाडी कमी, म्हणजे दम चांगला. महिनोन्महिन्यांचा कल बघायला ठीक आहे. माझ्या ओळखीच्या एका काकांना मध्यंतरी घड्याळाने सलग तीन आठवडे प्रगतीची शाबासकी दिली. काका खूश होऊन आले, आकडा दाखवायला मनगट पुढे केलं. विचारलं, सराव वाढवलात? म्हणाले, छे, गुडघा धरलाय, उलट कमीच केलाय. मग नवीन काय? बराच विचार करून म्हणाले, "डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली तेवढी." गोळी बीटा ब्लॉकर होती. नाडी मंद ठेवणं हेच तिचं काम.